मुक्या सोबत्याचे दुखणे

कुत्र्यापाशी शब्द नाहीत. त्याचे वागणे हीच त्याची भाषा. ती समजण्यास वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. आपला कुत्रा एरव्ही कसा वागतो, हे ठाऊक असले म्हणजे पुरे. भाकरीचा तुकडा पाहताच शेपटी हलवीत धावून येणारा मोत्या एखाद्या दिवशी जागचा हललाच नाही, तर काही तरी बिघडले आहे असे समजावे. पुष्कळदा कारण साधे असते. कानात गोचीड शिरली की तो मान तिरपी करून डोके झटकतो. पायात काटा मोडला की तोच पाय पुनःपुन्हा चाटतो.

परंतु एक रोग असा आहे, की ज्यात वागण्यातील बदल ओळखणे हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. तो म्हणजे पिसाळणे, अर्थात रेबीज. या रोगाचे विषाणू चाव्याच्या जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतात आणि पुढे लाळेत उतरतात. मेंदूच ग्रासला गेल्यावर स्वभाव पालटला तर नवल ते काय? आरंभी कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, तर कधी उगाच अंगलट करतो. अन्न सोडून लाकूड, माती असे काहीही चावू लागतो. त्याचा आवाज घोगरा होतो.

पिसाळलेला कुत्रा म्हटले, की लाल डोळ्यांनी अंगावर धावणारे जनावरच आपल्या मनात उभे राहते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. काही कुत्रे मुळीच धावत नाहीत. त्यांचा जबडा लुळा पडून लोंबू लागतो, लाळ गळते, घास गिळवत नाही. प्राचीन काळी सुश्रुतानेही अशा कुत्र्याची लोंबती शेपटी, लोंबता जबडा व गळती लाळ यांची नोंद केली आहे. पाहणाऱ्यास मात्र वाटते, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकले! आणि दयेपोटी तो त्याच्या तोंडात हात घालतो. मुलांनो, असा हात कधीही घालू नका. दूर राहून वडीलधाऱ्यांना सांगा. ते पशुवैद्यास बोलावतील.

असा कुत्रा पाण्याला भितो, असेही लोक म्हणतात. वस्तुतः पाण्याची ती भीती या रोगाने पछाडलेल्या माणसास वाटते. कुत्रा पाणी पितो आहे, एवढ्यावरून तो निरोगी ठरत नाही.

कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याने जखमेवर चाटले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. माणसात लक्षणे उमटल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. त्यापूर्वी लस वेळेवर मिळाली तर प्राण वाचतात. 1885 च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोझेफ माइस्टर या 9 वर्षांच्या मुलाला ही लस टोचविली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले होते. तो मुलगा जगला.

चावणाऱ्या कुत्र्यास मात्र रागाच्या भरात मारून टाकू नये. त्याला सुरक्षितपणे बांधून ठेवता येत असेल, तर मोठ्यांनी त्याच्यावर 10 दिवस लक्ष ठेवावे. माणसाची लस त्यासाठी थांबवू नये. अकराव्या दिवशीही तो पूर्वीसारखाच धडधाकट असेल, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत ते विषाणू नव्हते.