रक्तातल्या चरबीचा चाळीस वर्षांचा तपास

१९८६ च्या मार्चमध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मार्टाइन काटान या डच पोषणशास्त्रज्ञाचं एक छोटं पत्र छापून आलं. त्यात एक सूचना होती आणि ती एका जुन्या पेचातून आली होती. वाढलेलं कोलेस्टेरॉल हृदयाला घातक, हे तोवर जवळजवळ पक्कं झालं होतं. पण अनेक पाहण्यांमध्ये कोलेस्टेरॉल कमी असलेल्या लोकांत कर्करोग जास्त दिसत होता. १९७८ साली क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराखेरीज इतर कारणांनी होणारे मृत्यू वाढलेले आढळले, तेव्हा धास्ती आणखी वाढली. कोलेस्टेरॉल खाली आणून आपण माणसाला एका आजारातून सोडवून दुसऱ्याच्या तोंडी तर देत नाही ना?

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८० मध्येच एक शंका मांडली होती. लंडनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीत कमी कोलेस्टेरॉलवाल्यांचे कर्करोगाचे जादा मृत्यू सुरुवातीच्या काही वर्षांतच दाटलेले होते. म्हणजे गाठ आधीपासून शरीरात लपलेली असावी आणि तिच्यामुळेच कोलेस्टेरॉल उतरलं असावं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे रक्त तपासून कळत नव्हतं.

काटान यांनी इथे जनुकाकडे बोट दाखवलं. अपोई नावाच्या जनुकाचं ई-२ हे रूप ज्यांना आईवडिलांकडून मिळतं, त्यांचं कोलेस्टेरॉल साधारणपणे जन्मापासूनच कमी असतं. पुढे कर्करोग झाला तरी तो या जनुकात बदल करू शकत नाही. तेव्हा कमी कोलेस्टेरॉलमुळे खरोखरच कर्करोग होत असेल, तर रुग्णांमध्ये ई-२ वाले जास्त सापडले पाहिजेत. नसतील सापडत, तर संशय खोटा. इतका सरळ विचार, पण त्या काळी हजारो माणसांची जनुकं तपासणं आवाक्यातलं नव्हतं, आणि सूचना पडून राहिली.

२००३ मध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी तिला पद्धतीचं रूप दिलं. आज ही पद्धत ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ या नावाने ओळखली जाते. गर्भ राहताना आईवडिलांच्या जनुकांपैकी कोणती वाट्याला येणार, हे जणू चिठ्ठ्या टाकूनच ठरतं. ज्याला जास्त कोलेस्टेरॉलची चिठ्ठी मिळाली, तो जास्त सिगारेट ओढेल किंवा जास्त गरीब असेल असं सहसा नसतं. एरवीच्या पाहण्यांमध्ये हीच गुंतागुंत घात करते. औषधाच्या चाचणीत माणसांचे दोन गट आपण पाडतो, इथे ते निसर्गाने पाडलेले असतात, आणि तेही जन्माआधी.

हीच पद्धत पुढे पुरुषांमधल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगालाही लावली गेली. त्या बाबतीत साध्या पाहण्यांवर विसंबण्याची किंमत किती असते, हे ‘सिलेक्ट’ चाचणीने दाखवलं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम घेतल्याने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल, अशी आशा आधीच्या संशोधनातून निर्माण झाली होती. २००१ पासून अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतल्या ३५,५३३ पुरुषांवर ती तपासली गेली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त झाला होता. निरोगी माणसांनी आजार टाळण्यासाठी घेतलेली गोळी! मला हा आकडा आजही अस्वस्थ करतो, कारण त्यामागची आशा प्रामाणिक होती आणि ती बाळगणारे अभ्यासकही सामान्य नव्हते.

चरबी आणि प्रोस्टेट यांचा संबंध लावण्याला मात्र शरीरशास्त्राचा आधार होता. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टेस्टोस्टेरॉन शरीरात बनतं ते कोलेस्टेरॉलपासूनच. २००६ मध्ये सुमारे ३५ हजार अमेरिकी पुरुषांच्या पाहणीत, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये बळावलेल्या अवस्थेतला प्रोस्टेटचा कर्करोग जवळपास निम्म्याने कमी दिसला. आशा पुन्हा पालवली. पण स्टॅटिन घेणारा माणूस डॉक्टरकडे वारंवार जातो, तपासण्या करून घेतो. शिवाय स्टॅटिनमुळे रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटच्या तपासणीत मोजलं जाणारं प्रथिन थोडं उतरतं, त्यामुळे कोणाची बायोप्सी होणार हेही बदलतं. १,७५,००० लोकांच्या २७ चाचण्यांचा २०१२ मध्ये एकत्र हिशेब झाला, तेव्हा स्टॅटिनमुळे कर्करोग वाढतही नाही आणि कमीही होत नाही, असं दिसलं.

काटान यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही एव्हाना आलं होतं. २०११ मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासकांना जुनंच चित्र दिसलं: रक्तात एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) कमी, तर कर्करोग जास्त. पण ज्यांचं एलडीएल जनुकांमुळे जन्मभर कमी होतं, त्यांच्यात कर्करोग वाढलेला नव्हता. संशय मिटायला पाव शतक लागलं. ‘कोलेस्टेरॉल फार उतरलं तर कॅन्सर होतो’ या भीतीने औषध सोडू पाहणाऱ्या माणसाला आज डॉक्टर ठामपणे थांबवू शकतात. माझ्या मते या पद्धतीची सर्वांत मोठी कमाई हीच आहे. तिने नव्या गोष्टी सिद्ध केल्या त्यापेक्षा खोट्या भीती आणि खोट्या आशा जास्त दूर केल्या.

मग प्रोस्टेटचं काय? या पद्धतीने ते तपासायला दोन प्रचंड संच लागतात: कोणत्या जनुकामुळे कोणती चरबी किती बदलते याचा एक, आणि रुग्ण व निरोगी पुरुषांच्या जनुकांचा दुसरा. ‘प्रॅक्टिकल’ या आंतरराष्ट्रीय गटाने दुसरा संच उभा केला. २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या गटाने त्यातले सुमारे २२ हजार रुग्ण आणि जवळजवळ तितकेच निरोगी पुरुष घेऊन हिशेब केला. जास्त एलडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा आक्रमक कर्करोगाशी संबंध असावा, असा क्षीण इशारा मिळाला, त्यापलीकडे काही नाही. २०१८ मध्ये संच ७९,१९४ रुग्णांपर्यंत पोचला. त्यावर आधारलेला आना इओआनिडू आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२२ मध्ये आला, आणि त्यात एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड तिन्ही बाजूला पडले. उरलं ते लायपोप्रोटीन-ए.

हे नाव आपल्याकडच्या नेहमीच्या लिपिड प्रोफाइलच्या कागदावर सहसा नसतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते १९६३ मध्ये शोधलं. एलडीएलसारखाच कण, पण त्याला आणखी एक प्रथिन जोडलेलं. त्याची पातळी बहुतांशी एकाच जनुकावर ठरते, पथ्याने ती फारशी हलत नाही आणि स्टॅटिननेही उतरत नाही. हृदयविकारातला त्याचा हात जनुकांच्या पुराव्याने आधीच पक्का झालेला आहे. प्रोस्टेटबाबत मात्र मी थांबायला सांगेन. सहाव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या शेजारीच एसएलसी२२ए३ हे जनुक आहे, आणि तिथल्या एका बदलाचा प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध २००८ मध्येच दिसला होता. शेजारची जनुकं अनेकदा मिळूनच वारशात येतात. त्यामुळे लायपोप्रोटीन-एच्या नावावर दिसणारा धोका शेजाऱ्याचा असू शकतो. चिठ्ठ्या निःपक्षपाती असल्या तरी एका चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असल्या, तर परिणाम कोणाचा हे ठरवणं अवघड होतं.

हा प्रश्न आपल्याला लागू आहे, कारण दक्षिण आशियातल्या लोकांमध्ये लायपोप्रोटीन-एची पातळी युरोपीयांपेक्षा सरासरीने जास्त असते. आणि नेमके आपणच या संचांमध्ये फारसे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या प्रोस्टेट अभ्यासात १,५६,३१९ रुग्ण होते. त्यांतले १,२२,१८८ युरोपीय वंशाचे, तर सगळ्या आशियाई वंशांचे मिळून १०,८०९. त्या आकड्यांवरून पुण्या-सोलापूरच्या माणसाचा धोका सांगणं मला पटत नाही.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिचाच वापर करून, गरोदर आईच्या रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलं की बाळाचं वजन घटतं, याला पुरावा दिला. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचं वाचन पूर्ण केलं आहे. एवढ्या संख्येत प्रोस्टेटचे रुग्ण मोजकेच निघणार, म्हणून कर्करोग रुग्णालयांनी संमतीने रुग्णांचे नमुने घेऊन, त्यात लायपोप्रोटीन-एची तपासणी जोडून, वेगळा संच उभारायला हवा.

तिकडे लायपोप्रोटीन-ए उतरवणाऱ्या पेलाकार्सेन या इंजेक्शनची चाचणी २०१९ मध्ये आठ हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर सुरू झाली. तिचा मुख्य प्रश्न हृदयाचा आहे. पण अशा चाचण्यांमध्ये नव्याने आढळलेल्या कर्करोगांचीही नोंद ठेवली जाते, आणि औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांतल्या पुरुषांच्या त्या नोंदी प्रोस्टेटच्या अभ्यासकांनी मागवून घेतल्या पाहिजेत. काही वर्षांच्या औषधाने जन्मभराच्या जनुकाइतका फरक पडेल, ही अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये.