खाण संपली, गाव उरले

ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम काउंटीत ईझिंग्टन नावाची दोन गावे शेजारी-शेजारी आहेत. ईझिंग्टन व्हिलेजमध्ये हिरवळीचे सामाईक पटांगण, मध्ययुगीन चर्च आणि त्यांच्या आसपास घरे आहेत. समुद्राच्या बाजूला असलेल्या ईझिंग्टन कोलियरीत मात्र भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या सरळ रांगा दिसतात. या दोन रूपांत साऱ्या काउंटीच्या वस्तीचा इतिहास सामावला आहे.

शेतकऱ्यांची जुनी गावे जमीन आणि पाणी पाहून वसली. खाणगावांची जागा भूगर्भाने ठरविली. पश्चिमेकडे कोळसा उथळ होता; पूर्वेकडे तो चुनखडीच्या जाड थराखाली दडला होता. १८२२ मध्ये सुरू झालेल्या हेटनच्या खाणीने तो थर भेदून कोळसा काढता येतो, हे सिद्ध केले. त्यानंतर पूर्वेलाही खाणी निघाल्या आणि प्रत्येक खाणीच्या तोंडाशी मालकांनी कामगारांसाठी घरांच्या रांगा बांधल्या.

या घरांना सहसा भाडे नसे. पण घर नोकरीशी बांधलेले असे. १८४४ च्या संपात अनेक कुटुंबांना सामानासुमानासह बाहेर काढण्यात आले. काम सुटले की म्हाताऱ्या कामगाराचेही छप्पर जाई. म्हणूनच १८९८ मध्ये वृद्ध खाणकामगारांना घरे देणारी संस्था स्थापन झाली. तिला कामगारांच्या वर्गणीचा आधार होता.

पुढे खाणीच संपू लागल्या. काउंटीच्या १९५१ च्या विकास आराखड्याने शंभराहून अधिक गावे ‘डी’ वर्गात टाकली. तेथे नवी गुंतवणूक करायची नाही, जुनी घरे हळूहळू पाडायची आणि रहिवाशांना अन्यत्र हलवायचे, असे ते धोरण होते. खाण नसेल तर गाव कशाला, हा त्यामागचा हिशेब. रहिवाशांना तो मान्य नव्हता. शेजार, प्रार्थनागृह आणि कामगारांचे सभागृह यांनी जोडलेले गाव सोडण्यास त्यांनी कडवा विरोध केला. काही वस्त्या भुईसपाट झाल्या, बहुतेक टिकल्या. १९७७ मध्ये हे धोरण सोडून देण्यात आले.

हेटनच्या फ्रान्सिस स्ट्रीटवरील घरे आज बीमिशच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारलेली आहेत. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली. तिच्यासाठी वसलेल्या गावात मात्र अजूनही माणसे राहतात.