आयव्हीएफसोबत ॲक्युपंक्चर : सुईकडून किती आशा ठेवाल?

लग्नाला तीन-चार वर्षं झाली की पुण्याहून आत्याचा फोन येतो, "काय गं, काही गोड बातमी?" नोकरीनिमित्त तुम्ही चेन्नईत राहत असाल, तर शेजारच्या मामीही जिन्यात थांबवून हळूच विचारतात, "विशेषमा?" तमिळ न येणाऱ्या मराठी सुनेलाही या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

मग तपासण्या होतात, आयव्हीएफचं ठरतं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातला एक सल्ला हमखास असतो, "ॲक्युपंक्चर करून बघ, माझ्या भाचीला त्यानेच राहिलं." एवढा खर्च करतोच आहोत, तर हेही करावं का? की पैसे पाण्यात जातील? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर निर्णय घेण्याआधी थोडं जाणून घ्या.

तुम्ही एकट्या नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर ६ पैकी सुमारे १ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. यावरचे उपचारही आपल्याकडे नवे राहिलेले नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. चेन्नईत डॉ. कमला सेल्वराज यांनी १९९० मध्ये दक्षिण भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं. आज उपचारासाठी चेन्नईत बाहेरून येणारी जोडपीही कमी नाहीत.

उपचार मात्र सोपा नसतो. आधी साधारण ८ ते १२ दिवस रोज इंजेक्शनं. मग ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजं काढणं. पुढे तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात सोडतात, किंवा गोठवून नंतरच्या महिन्यात सोडतात. त्यानंतर रक्ताच्या तपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे नुसती वाट पाहायची. अनेक स्त्रियांना इंजेक्शनांपेक्षा हे दिवस जड जातात.

ही सुई आली कुठून?

ॲक्युपंक्चर ही मूळची चिनी उपचारपद्धती. तिच्या भारतातल्या प्रवासाला एक मराठी धागाही आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू. कोटणीसांना तिकडेच मृत्यू आला. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात हे उपचार सुरू केले.

यात केसासारख्या बारीक, निर्जंतुक सुया शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर टोचतात आणि २०-३० मिनिटं तशाच ठेवतात. मुंगी चावल्यासारखं किंवा जडसर वाटतं. पारंपरिक चिनी शास्त्र सांगतं की, याने शरीरातल्या ऊर्जेचा प्रवाह मोकळा होतो. आधुनिक विज्ञानानुसार सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि वेदना कमी करणारी एंडॉर्फिनसारखी रसायनं स्रवतात.

अभ्यास काय सांगतात?

या उपचाराची आयव्हीएफशी जोडी जमली ती २००२ मध्ये. जर्मनीत १६० स्त्रियांवर एक अभ्यास झाला. गर्भ सोडण्याच्या आधी आणि नंतर ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के स्त्रियांना गर्भ राहिला, न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के स्त्रियांना. बातमी जगभर पसरली आणि ठिकठिकाणी आयव्हीएफसोबत सुयाही सुचवल्या जाऊ लागल्या.

पण त्या अभ्यासात स्त्रियांची संख्या कमी होती आणि दुसऱ्या गटाला सुया टोचल्याच नव्हत्या. त्यामुळे फरक सुयांनी पडला, 'आपल्यासाठी काहीतरी जास्त होतंय' या भावनेने पडला की निव्वळ योगायोगाने, हे कळायला मार्ग नव्हता.

म्हणून पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना खरं ॲक्युपंक्चर दिलं. उरलेल्यांना त्वचेत न शिरणारी बोथट सुई, तीही खऱ्या बिंदूंपासून दूर लावली. निकाल २०१८ मध्ये आला. खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी १८.३ टक्के स्त्रियांना बाळ झालं, खोट्या सुया घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

पीसीओएस असलेल्यांसाठीही असाच एक अभ्यास आहे. चीनमध्ये १,००० स्त्रियांवर झालेल्या या अभ्यासाचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीबीज तयार होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेन गोळीने बाळ होण्याचं प्रमाण १५.४ वरून २८.७ टक्क्यांवर गेलं. ॲक्युपंक्चरने मात्र त्यात काही भर पडली नाही, आणि हा निकाल ॲक्युपंक्चरच्या माहेरचाच आहे!

मग घ्यावं की नाही?

'बाळ नक्की होईल' म्हणून घेणार असाल, तर नको. मन शांत व्हावं, झोप लागावी, वाट पाहण्याचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून घेणार असाल, तर जरूर विचार करा. काही लहान अभ्यासांत ॲक्युपंक्चर घेतलेल्या स्त्रियांची चिंता कमी झालेली दिसली आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास शांत पडून राहायचं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करायची, यानेही मनाला बरं वाटतं. तेच समाधान तुम्हाला चालणं, योगासनं, गाणं किंवा समुपदेशनातून मिळत असेल, तर सुयांची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. "टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे राहील" असं सगळे सांगतात. २०११ मध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. उपचाराआधीच्या मानसिक ताणामुळे गर्भ राहण्याची शक्यता कमी होते, असं त्यात आढळलं नाही. म्हणजे निकाल नकारार्थी आला, तर तो तुम्ही रडलात म्हणून किंवा सुया घेतल्या नाहीत म्हणून आलेला नसतो. ताण कमी करायचा तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून, परीक्षेत पास होण्यासाठी नव्हे.

जाण्याआधी ही काळजी घ्या

* आयव्हीएफच्या डॉक्टरांना आधी सांगा. लपवून काही करू नका.

* ॲस्पिरिन किंवा हेपॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर सुया टोचणाऱ्याला ते आवर्जून सांगा.

* इंजेक्शनांमुळे बीजकोश मोठे झालेले असतात. त्या काळात आणि गर्भ सोडल्यानंतर पोटावर सुया घेऊ नका. गरोदरपणात टाळायचे काही बिंदू असतात. त्यामुळे गर्भ सोडल्याची तारीख सांगायला विसरू नका.

* प्रत्येक वेळी सीलबंद, एकदाच वापरायच्या सुया तुमच्यासमोर उघडल्या जायला हव्यात.

* सुयांसोबत पुड्या, काढे दिले जात असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

* पोट फुगणं, वजन झपाट्याने वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं असं काही जाणवलं, तर सुयांवर विसंबू नका. ताबडतोब आयव्हीएफ केंद्र गाठा.

* 'इतक्या बैठकांत गर्भ राहण्याची हमी' किंवा 'आयव्हीएफची गरजच नाही' असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. पस्तिशीनंतर प्रत्येक महिना मोलाचा असतो. सुयांच्या नादात उपचार लांबला, तर तो वेळ परत मिळत नाही.

शिक्षण विचारायला लाजू नका

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा कायदा आणि वेगळी परिषद आहे. निसर्गोपचार आणि योगाच्या बीएनवायएस पदवीतही ॲक्युपंक्चर शिकवतात. चेन्नईत अरुंबाक्कमला या पदवीचं सरकारी महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. त्यामुळे उपचार करणाऱ्याने कुठे शिक्षण घेतलं, नोंदणी आहे का, एका बैठकीचे किती पैसे, हे सगळं आधीच विचारा. आयव्हीएफ केंद्रही २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, याची खात्री करा.

आणि घरच्यांसाठी

मूल न होण्यामागे अनेकदा पुरुषातलं कारणही असतं. तरी सुया, गोळ्या, पथ्यं आणि टोमणे बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतात. नवरेहो, तिच्यासोबत तपासणीला जा, इंजेक्शनच्या वेळा तुम्ही लक्षात ठेवा. सासूबाई, आत्याबाई, फोनवर "काही विशेष?" ऐवजी "आज जेवलीस का गं नीट?" असं विचारून बघा.

परक्या शहरात, दोन आठवडे जीव मुठीत धरून बसलेल्या मुलीला तेवढ्यानेही खूप आधार वाटतो.