बर्फाळ वाळवंटातली परसबाग

वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, हिवाळ्यात उणे वीसच्याही खाली जाणारा पारा आणि शेतीसाठी मिळणारे चार-पाच महिने. तरीही लडाखच्या बायका कोबी, गाजर, पालक, मटार पिकवतात, तेही बहुतांशी घरच्याच खतावर. कसं जमतं त्यांना हे? आणि यापुढे किती दिवस जमेल?

लेहच्या मुख्य बाजारात उन्हाळ्यात संध्याकाळी फेरफटका मारला, की पश्मिना शालींच्या दुकानांआधी नजर जाते ती फूटपाथकडे. तिथे ओळीनं बायका बसलेल्या असतात. समोर गोणपाट, त्यावर मातीसकट उपटून आणलेली गाजरं, मुळ्याच्या जुड्या, पालक, सलगम, कोथिंबीर, मटाराच्या शेंगा. ऑगस्ट आला की त्यात जर्दाळूंची भर. बहुतेकींचं वय पन्नाशीच्या पुढचं. हातात लोकरीचं विणकाम नाहीतर जपमाळ. गिऱ्हाईक आलं की हसून ‘जुले’ म्हणायचं, भाजी तोलायची, पैसे घ्यायचे की पुन्हा विणकाम सुरू. फारशी घासाघीस नाही की ओरडून बोलावणं नाही.

आपण पुण्या-मुंबईचे पर्यटक फोटो काढतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून आजूबाजूच्या डोंगरांकडे पाहिलं तर प्रश्न पडायला हवा. चहूकडे उघडेबोडके, तपकिरी डोंगर. गवताची काडी दिसणार नाही. लेहची उंची साडेतीन हजार मीटर, म्हणजे अकरा हजार फुटांच्या वर. हिमालयानं पावसाचे ढग पलीकडेच अडवलेले. आपल्या कोकणात एखाद्या दिवसात पडतो तेवढा पाऊस इथे अख्ख्या वर्षात पडतो. हे वाळवंटच, फक्त थंड. मग ही भाजी येते कुठून?

पाटाचं पाणी, वाटून घेतलेलं

ती येते डोंगरावरच्या बर्फातून. लडाखमधलं कुठलंही गाव पाहा, ते एखाद्या ओढ्याच्या मुखाशी वसलेलं असतं. वर हिमनदी किंवा हिवाळ्यातलं बर्फ, ते वितळून येणारं पाणी, आणि ते शेतापर्यंत नेणारे दगडमातीचे पाट. या पाटांना लडाखीत ‘युरा’ म्हणतात. पाणी साठवायला लहान तळी असतात, ती ‘झिंग’. कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे ठरवायला गावानं नेमलेला माणूस असतो, तो ‘छुरपोन’. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीत पाटकरी असतो ना, त्याचाच हा डोंगरातला भाऊ म्हणायचा!

पाळी आली की फावडं घेऊन शेतात उभं राहायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायचं. दारं धरायचं हे काम आपल्याकडे पुरुषांचं समजतात. लडाखमध्ये मात्र ते बाईही सर्रास करते. पुरुष अनेकदा सैन्यात, सरकारी नोकरीत किंवा टॅक्सीवर. शेत, जनावरं आणि भाजीचे वाफे सांभाळते ती घरातली आमा किंवा आबी, म्हणजे आई नाहीतर आजी. त्यांना हाक मारताना नावापुढे ‘ले’ लावायचं. आमा-ले, आबी-ले. आपल्या ‘जी’सारखं.

पेरणी-कापणीला शेजारची घरं एकमेकांच्या मदतीला येतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्याला ‘बेस’ म्हणतात. आपल्याकडे सावड किंवा इर्जिक म्हणतात तसंच. मजुरी द्यायची नाही, फक्त पोटभर जेवण आणि ‘छांग’, म्हणजे जवापासून केलेली घरची बिअर.

सोनं म्हणतात ते हेच

पाणी आलं, पण माती? ती वाळूमिश्रित, भुसभुशीत. पाणी धरून ठेवत नाही, कस कमी. तिच्यात जीव ओतायचा तर खत हवं. बर्फाळ वाळवंटात पालापाचोळा फारसा नाही. शेण आहे, पण तेच वाळवून हिवाळ्यात चुलीतही घालायचं, कारण जळणाला लाकूड नाही. मग उरतं काय?

उत्तर ऐकून नाक मुरडू नका. उत्तर आहे सोनखत. लडाखी घरातला पारंपरिक संडास दुमजली असतो. वरच्या खोलीत मातीची जमीन आणि मधे चौकोनी भोक. कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. वापर झाला की दोन फावडी माती, राख वरून ढकलायची. पाण्याचा थेंब नाही. हवा कोरडी आणि थंड, त्यामुळे वासही जवळजवळ नाही. खालच्या खोलीत ते सगळं महिनोन्‌महिने मुरतं. मग दार उघडून ते शेतात नेऊन पसरायचं.

म्हणजे शेतातून जे खाल्लं ते पुन्हा शेताला परत. ‘सेंद्रिय शेती’ हा शब्द जगात फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून लडाखची बाई ती करत होती, फक्त तिनं त्याला नाव दिलं नव्हतं. अर्थात, यात काळजीही हवी. थंडीत कुजण्याची क्रिया संथ होते. खत अर्धवट मुरलं तर रोगजंतू आणि जंतांची अंडी त्यात राहू शकतात. म्हणून खत पुरेसं जुनं होऊ द्यायचं आणि पालेभाजी नीट धुऊन, शिजवून खायची.

हवामानाचीही थोडी मदत होते. कोरड्या हवेत बुरशीचे रोग कमी. तीनशेहून अधिक दिवस लख्ख ऊन. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे इथलं गाजर आणि मटार चवीला गोड. कीड नसतेच असं नाही. मावा येतो, कोवळी रोपं जमिनीलगत कुरतडणाऱ्या अळ्या येतात. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेइतका उच्छाद नसतो.

हिवाळ्यातला पालक

खरी परीक्षा ऑक्टोबरनंतर. पूर्वी लडाखच्या जेवणात भाजी मोजकीच. सातूचं, म्हणजे जवाचं पीठ, सलगम, मुळा आणि रानातला पाला. १८८५ मध्ये लेहला मोराव्हियन मिशनचे लोक आले. बटाट्यासारख्या काही भाज्या इथे रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य मोठ्या संख्येनं आलं आणि जवानांना ताजी भाजी कुठून द्यायची हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी लेहमध्ये फील्ड रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. आज ती ‘डिहार’ या नावानं ओळखली जाते. कुठली वाणं इतक्या उंचीवर तग धरतील याचे प्रयोग तिथे झाले. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून सैन्य भाजी घेऊ लागलं, तसे जवाच्या शेतांत भाजीचे वाफे वाढले.

पण हिवाळ्यात रस्ते बंद. झोजीला खिंड पूर्वी पाच-सहा महिने बर्फाखाली असायची. मग वाळवणाचा आधार. आपण उन्हाळ्यात सांडगे-पापड घालतो, तशा लडाखच्या बायका पालक, सलगम, टोमॅटो वाळवून ठेवतात. बटाटे, गाजरं, मुळे जमिनीत खड्डा करून पुरतात. जमिनीच्या पोटात ते गोठत नाहीत. वसंतापर्यंत हेच पुरवून पुरवून खायचं. ताजी भाजी आलीच तर विमानातून, आणि तिचा भाव ऐकूनच परत फिरावं असा.

हे चित्र बदललं ते उन्हानं! घराशेजारी खंदकासारखा खड्डा खणायचा, वर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, आत भाजी लावायची, ही एक सोपी पद्धत. दुसरी, सूर्यघर म्हणावं अशा ग्रीनहाऊसची. पूर्व-पश्चिम लांबट बांधणी. दक्षिणेकडे जाड पारदर्शक प्लास्टिक. उरलेल्या तीन बाजूंना कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती आणि दोन भिंतींच्या मधे पेंढा. भिंत आतून काळी रंगवायची, म्हणजे दिवसभर ती ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. संध्याकाळी प्लास्टिकखाली पडदा ओढायचा. ना वीज, ना रॉकेल. बाहेर उणे वीस असताना आत पालक, कोथिंबीर, लसणाची पात उभी असते.

‘गेरेस’ ही फ्रेंच संस्था आणि लडाखमधल्या स्थानिक संस्थांनी मिळून अशी पाचशेहून अधिक ग्रीनहाऊस गावोगावी उभी केली. त्या कामाला २००९ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. साधारण नियम असा, की माती, दगड, लाकूड, मजुरी कुटुंबानं द्यायची आणि प्लास्टिकसारखं बाहेरून आणायचं सामान संस्थेनं. आत काम करणारी अर्थातच घरातली बाई. सकाळी पडदा काढणं, दुपारी झरोका उघडून दमट हवा बाहेर सोडणं, उन्हात पाणी घालणं. कोवळी भाजी आधी घरच्या ताटात, मग शेजारी, आणि उरलेली बाजारात. वसंतात तिथेच कोबी-फ्लॉवरची रोपं तयार होतात, त्यामुळे शेतातलं पीकही लवकर येतं.

आणि भाजीचा पैसा बाईच्या हातात येतो. नवऱ्याचा पगार बँकेत जातो, पण भाजीच्या चार नोटा पदराच्या गाठीला असतात. मुलाची वही, स्वतःचं औषध, मठातली देणगी... त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. हे मोल भाजीपाल्याच्या हिशेबात कधी लिहिलं जात नाही.

आई आहे, लेक कुठे आहे?

म्हणजे सगळं छान चाललंय का? नाही.

पहिली अडचण पाण्याची. पेरणी एप्रिल-मेमध्ये, पण वरच्या हिमनद्यांचं पाणी भरपूर येतं ते जूननंतर. मधले दोन महिने ओढ. बर्फ कमी पडू लागलं, हिमनद्या मागे सरकल्या, तशी ही ओढ वाढली. यावर चेवांग नॉर्फेल या निवृत्त इंजिनीअरनं १९८० च्या दशकापासून गावांच्या वर कृत्रिम हिमनद्या बांधल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात ‘आइस स्तूप’ करून दाखवला. उंचावरून पाइपानं आणलेलं पाणी कारंज्यासारखं उडवायचं, थंडीत ते गोठून शंकूसारखा डोंगर होतो आणि नेमका पेरणीच्या वेळी वितळतो. पंप लागत नाही. उपाय सुंदर आहे, पण प्रत्येक गावात दर हिवाळ्यात राबणारे हात हवेत.

दुसरी अडचण आपण, म्हणजे पर्यटक. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. २०२२ मध्ये तिथे पाच लाखांहून जास्त पर्यटक गेले! २००९ च्या ‘थ्री इडियट्स’नंतर पँगाँगचं वेड घराघरांत पोचलं. या सगळ्यांना शॉवर हवा, फ्लश हवा. शेताच्या जागी गेस्टहाऊस उभं राहिलं, दुमजली संडासाच्या जागी कमोड आला. जे खत शेतात जायचं ते आता शोषखड्ड्यात जातं आणि तिथून भूजलात मुरायची भीती. जनावरंही कमी झाली. मग अनुदानातली युरियाची गोणी सोपी वाटू लागते. लेहच्या हिल कौन्सिलनं संपूर्ण जिल्हा सेंद्रिय करण्यासाठी मोहीम आखली, २०२५ हे लक्ष्य ठेवलं. पण कागदावर सेंद्रिय म्हणणं सोपं. शेणखत आणि सोनखत दोन्ही आटत असताना मातीला खायला काय घालायचं, हा खरा प्रश्न आहे.

तिसरी अडचण रस्त्याची. हसू येईल, पण खरंय. झोजीला आता हिवाळ्यात महिना-दोन महिनेच बंद राहतो. २०२० मध्ये अटल बोगदा झाला. रस्ता खुला राहणं आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी वरदानच. पण त्याच रस्त्यानं मैदानातली स्वस्त भाजीही ट्रक भरभरून येते, आणि आमा-लेच्या पालकाला तिच्याशी टक्कर द्यावी लागते.

आणि चौथी, सगळ्यांत अवघड. मुली शिकल्या. जम्मूला, चंदीगडला, दिल्लीला गेल्या. जायलाच हव्यात. थंड पाण्यात हात घालून, पाठीवर खताची टोपली वाहून आईचे गुडघे गेलेले त्यांनी पाहिलेत. त्यांनी परत येऊन फावडं घ्यावं, असं आपण लांबून म्हणणं हा भाबडेपणा. पण बाजारातल्या त्या ओळीत तिशीतला चेहरा क्वचितच दिसतो, हेही खरं.

मात्र बायका हातावर हात ठेवून बसलेल्या नाहीत. १९९१ मध्ये तिथे लडाख महिला संघटना उभी राहिली. ‘आमा त्सोग्स्पा’, म्हणजे आयांची संघटना. गावोगावच्या शेतकरी बायका तिच्यात आहेत. त्यांच्या रेट्यामुळे १९९८ मध्ये लेहमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. देशातली मोठमोठी शहरं तेव्हा या विषयावर जागीही झाली नव्हती. स्थानिक अन्न, स्थानिक बियाणं, हाताचं कसब कमीपणाचं नाही, हे त्या आपल्याच लेकींना सांगत राहिल्या. काही तरुण मुली आता होमस्टे चालवतात आणि पाहुण्यांना घरच्या वाफ्यातली भाजी घातलेला थुक्पा वाढतात. भाजी विकण्यापेक्षा शिजवून वाढण्यात पैसा जास्त आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलंय. कदाचित परसबाग टिकायची असेल, तर ती अशीच टिकेल.

लडाखला जाणार असाल तर...

* शक्य असेल तिथे गावातल्या होमस्टेमध्ये राहा. तिथली भाजी बहुधा घरच्या शेतातली असते.
* कोरडा संडास असेल तर तो वापरा. वापरानंतर माती टाका. त्यात प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू टाकू नका, ते शेतात जातं.
* रोज शॉवर हवाच असं नाही. बादलीभर पाण्यात छान आंघोळ होते, आपल्याला सवय आहेच!
* बाजारात आमा-लेकडून गाजरं, जर्दाळू घ्या. घासाघीस करू नका. फोटो काढण्याआधी विचारा.
* जाताना कापडी पिशवी न्या. तिथल्या आयांनी ती सवय आपल्याआधी लावून घेतली आहे.