बांधणीची सामग्री लिहून ठेवा

पेंडल हिल : गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकांसाठी प्रस्तुत लेखकाने घरच्या लिनक्स संगणकावर एक छोटी पायथन आज्ञावली लिहिली होती. पत्रिका छापून आल्या, तेव्हा 'निमंत्रण' या शब्दातली वेलांटी 'न'च्या मागे पडली होती आणि 'त्र' फुटून पाय मोडलेला 'त' व सुटा 'र' उरला होता. संगणकाने कुठेही त्रुटी दाखवली नव्हती.

कारण बांधणीत होते. चित्रावर अक्षरे उमटवणारी 'पिलो' ही लायब्ररी मूळ स्रोतापासून बांधली होती. झेडलिब किंवा जेपेग सापडली नाही, तर पिलोची बांधणी तिथेच थांबते. देवनागरीची अक्षरजुळणी करणारी 'राक्म' मात्र ऐच्छिक आहे. ती नसली तरी बांधणी पूर्ण होते, अखेरच्या गोषवाऱ्यात तशी एक ओळ येते आणि अक्षरे नुसती एकापुढे एक मांडली जातात. इंग्रजी मजकुरात हा फरक सहसा जाणवतही नाही. पिलोच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे. आम्हीच ते वाचले नव्हते.

सर्वच प्रकल्प इतके लिहीत नाहीत. आईच्या पाककृतीच्या वहीत 'फोडणी करावी' एवढेच असते, मोहरी-हिंग घरात असणारच हे गृहीत धरून. प्रोग्रॅमरच्या संगणकावरही वर्षानुवर्षांच्या लायब्रऱ्या साठलेल्या असतात. डेबियन किंवा फेडोरासाठी पॅकेज करणारा स्वयंसेवक मात्र जवळजवळ रिकाम्या, बंदिस्त वातावरणात बांधणी करतो. डेबियनच्या नियमांनुसार तिथे बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून काही आणण्याचीही मुभा नाही. जे 'बिल्ड-डिपेंड्स'च्या यादीत नाही, ते तिथे असेलच असे नाही.

गृहीतके किती खोल असतात, हे 2018 मध्ये दिसले. फेडोरा 29 च्या वेळी सी भाषेचा जीसीसी कंपायलर बांधणीच्या मूळ संचातून वगळण्यात आला. सी भाषेतल्या पॅकेजनेही 'जीसीसी हवा' असे स्वतः सांगणे त्यानंतर आवश्यक झाले.

यादीत नुसती नावे पुरत नाहीत. 'पायथन लागते' हे अपुरे. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला, म्हणून किमान आवृत्ती हवी. कोणती लायब्ररी केवळ चाचण्यांसाठी आहे, कोणती बांधतानाच लागते आणि कोणती चालवतानाही, हे वेगळे सांगावे. ऐच्छिक लायब्ररी नसल्यास काय गमावते, ते तर आवर्जून लिहावे. पॅकेज करणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसेल, तर मोडलेली वेलांटी त्याला दिसणार कशी?

यादी पडताळण्याचा मार्ग सोपा आहे, जरासा कंटाळवाणा इतकेच. रिकाम्या कंटेनरमध्ये बांधणी सुरू करावी, अडेल तिथे मागितलेली वस्तू यादीत घालावी आणि पुन्हा आरंभ करावा. ऐच्छिक घटक असे अडत नाहीत. त्यांच्यासाठी गोषवारा ओळीने वाचावा लागतो. राक्म बसवून पिलो पुन्हा बांधल्यावर आमच्या पत्रिका नीट छापल्या, विसर्जनाला तीन दिवस उरले असताना.