मांडीवर मूल, टेबलावर पुस्तक

“मुलं जरा मोठी होऊ देत, मग लिहा-बिहा.” हे वाक्य आपल्या घरांत अनेक भगिनींनी ऐकले असेल. सांगणारी कधी अम्मी असते, कधी सासूबाई, कधी शेजारच्या खाला. बहुतेक वेळा त्या सांगण्यात मायाच असते. पण या ‘मग’ला किती वर्षे लागतात, हे मात्र कोणी सांगत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. पालकसभेला येणाऱ्या आयांमध्ये आता माझ्या जुन्या विद्यार्थिनीही असतात. वहीच्या समासात मांजरे आणि बकऱ्या काढत बसणाऱ्या, धाकट्या भावंडांना स्वतः रचलेल्या गोष्टी सांगणाऱ्या मुली. आज त्यांच्या हातात ब्रश येतो तो मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी.

मुलांची पुस्तके लिहिणे आणि त्यांची चित्रे काढणे हे काम लहान मुले सांभाळत होते का? ज्यांनी ते केले त्यांच्याकडे पाहिले, तर एकच एक उत्तर मिळत नाही.

उर्दूतले उदाहरण आधी घेते. मुहम्मदी बेगम यांचा जन्म १८७८ चा. मौलवी सय्यद मुमताज अली यांच्याशी निकाह झाला तेव्हा त्या जेमतेम एकोणीस वर्षांच्या होत्या. मौलवी साहेबांची पहिली पत्नी वारलेली, तिची मुले घरात. म्हणजे संसाराची सुरुवातच दुसरीच्या मुलांची आई होऊन झाली. आणि १ जुलै १८९८ रोजी लाहोरहून ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले, त्याच्या संपादक मुहम्मदी बेगम. उर्दूतील पहिल्या महिला संपादक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९०० साली मुलगा झाला, इम्तियाज अली. या मुलासाठी त्यांनी गाणी आणि गोष्टी लिहिल्या. त्यांच्या मुलांच्या पुस्तकांच्या नावांतच त्याचे लाडाचे नाव ‘ताज’ आले, ‘ताज गीत’, ‘ताज फूल’ असे. हाच मुलगा पुढे इम्तियाज अली ताज म्हणून प्रसिद्ध झाला. ‘अनारकली’ नाटक आणि चाचा छक्कनच्या गमती त्याच्याच.

मुहम्मदी बेगम १९०८ साली, तिसाव्या वर्षी, अल्लाहला प्यारी झाल्या. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. “मुलं मोठी होऊ देत” असे त्यांना कोणी सांगितले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर ‘ताज’ नावाची ती पुस्तके निघालीच नसती.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी लपवणार नाही. ज्यूडिथ केर यांनी वाट पाहिली. त्यांचा जन्म १९२३ चा, बर्लिनचा. वडील नाट्यसमीक्षक आणि हिटलरचे उघड विरोधक, घराणे ज्यू. १९३३ मध्ये कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली आणि शेवटी सगळे लंडनला पोचले. केर यांना दोन मुले झाली. मुलगी टेसी लहान होती तेव्हा झोपताना त्या तिला गोष्टी सांगत. त्यातली एक वाघाची होती. वाघ दारावरची घंटा वाजवून घरात येतो, चहाला बसतो, सगळे खाणे संपवतो, नळातले पाणीसुद्धा पिऊन टाकतो आणि निघून जातो. टेसीला दुसरी कुठली गोष्ट नको असायची, रोज तीच. ही गोष्ट कागदावर आली ती मुले शाळेत जाऊ लागल्यावर. ‘द टायगर हू केम टू टी’ हे पुस्तक १९६८ साली निघाले, तेव्हा केर पंचेचाळिशीच्या होत्या. लिहायला फारसे काही उरलेच नव्हते म्हणा. रात्रीमागून रात्र सांगून गोष्टीचा प्रत्येक शब्द घासून गुळगुळीत झालेला होता. चित्रातले स्वयंपाकघर त्यांच्या स्वतःच्या घरातले.

म्हणजे त्या वर्षांत ‘काम’ थांबले होते असे तरी कसे म्हणावे? तीन वर्षांच्या श्रोत्याला कुठे कंटाळा येतो आणि कोणता शब्द पुन्हा हवा असतो, याची परीक्षा रोज रात्री अंथरुणावर होत होती. आपल्याकडच्या नानी-दादींनी हेच केले. फरक एवढाच की त्यांच्या गोष्टी कोणी कागदावर उतरवल्या नाहीत.

मला सर्वांत जवळची वाटते ती तिसरी, शर्ली ह्यूज. ती थांबली नाही आणि धावलीही नाही. ह्यूज यांचा जन्म १९२७ चा, लिव्हरपूलजवळचा. लिव्हरपूल आणि ऑक्सफर्ड येथे कलाशिक्षण झाले. १९५२ मध्ये लग्न झाले, पती वास्तुरचनाकार, घर लंडनमध्ये. तीन मुले झाली. पन्नास-साठच्या दशकांत, मुले लहान असताना, त्या प्रामुख्याने इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांची चित्रे काढत होत्या. स्वतः लिहिलेले पहिले पुस्तक १९६० चे, ‘लूसी अँड टॉम्स डे’. त्यात आहे काय? दोन लहान मुलांचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक साधा दिवस. घरात जे चालले होते तेच.

ज्या पुस्तकाने त्यांचे नाव झाले ते ‘डॉगर’ १९७७ मध्ये आले. वय पन्नास! डेव्ह नावाच्या लहानग्याचा कापडी कुत्रा हरवतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जत्रेत तो खेळण्यांच्या दुकानावर विकायला ठेवलेला दिसतो, पण डेव्हजवळ पुरेसे पैसे नसतात आणि तेवढ्यात दुसरी मुलगी तो विकत घेते. मग मोठी बहीण बेला स्वतः बक्षिसात जिंकलेले मोठे अस्वल त्या मुलीला देऊन भावाचा कुत्रा परत आणते. एवढीच गोष्ट. या पुस्तकाला ब्रिटनमधला चित्रकारांचा मोठा सन्मान, केट ग्रीनअवे पदक, मिळाला. तो कापडी कुत्रा खरा होता, ह्यूज यांच्या मुलाचा. मूल कधीच मोठे होऊन गेले, खेळणे मात्र घराने जपून ठेवले, आणि पुढे ते आईच्या चित्रांच्या प्रदर्शनातही मांडले गेले.

१९८१ पासून आल्फी नावाच्या मुलाची पुस्तके येऊ लागली. एका पुस्तकात आल्फीला नवे गमबूट मिळतात आणि तो ते उलटसुलट पायांत घालतो. उजव्याचा डावा, डाव्याचा उजवा. कोणत्या आईने हे पाहिलेले नाही? पण पाहणे वेगळे आणि उलटे बूट घातलेले मूल नेमके कसे उभे राहते, हे लक्षात ठेवून काढणे वेगळे. ह्यूज चित्रवही घेऊन बागेत, मैदानात बसत आणि खेळणाऱ्या मुलांची भराभर रेखाटने करत. मुले एका जागी थांबत नाहीत, म्हणून रेघ पटकन टाकायला हात शिकतो. जी आई रोज दुपारी मुलाला बागेत नेऊन बाकावर मोबाइल पाहत बसते (मी कोणाला नावे ठेवत नाही, दमलेली असते बिचारी), तिच्यासमोर चित्रकाराची मॉडेल्स फुकटात धावत असतात.

मला यातून दिसते ते असे. ही पुस्तके सुचतात मुले लहान असतानाच. ती पुरी होतात पुष्कळदा नंतर. मधल्या काळात हात पूर्ण बंद पडला, तर नंतर वेळ मिळूनही उपयोग होत नाही. ह्यूज यांनी हात बंद पडू दिला नाही. २०२२ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर दोनशेहून अधिक पुस्तकांची चित्रे त्यांच्या हातून झाली होती. मुलगी क्लारा मुलांच्या पुस्तकांचीच चित्रकार झाली आणि २०१३ पासून मायलेकींनी मिळून ‘डिक्सी ओ’डे’ ही मालिका केली. त्यात गोष्ट आईची, चित्रे लेकीची.

आता कामाचे स्वरूप पाहू, कारण पुष्कळ जणींना ते डोंगराएवढे वाटते. मुलांचे चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते. मोठा कागद घडी घालून छापतात, त्यामुळे पाने आठाच्या, सोळाच्या पटीत येतात. सुरुवातीची नाव-गावाची पाने सोडली तर बारा ते पंधरा जोडपाने उरतात, आणि शब्द पाचशेच्या आतही चालतात. आधी साध्या कागदाची छोटी वही शिवून त्यात पेन्सिलीने सगळे पुस्तक मांडून पाहतात. पान उलटल्यावर काय दिसणार, हे या कच्च्या वहीत ठरते. हे काम तुकड्यातुकड्याने होते. डाळ शिजेपर्यंत एका पानाचा विचार होतो. पेन्सिलीचे रेखाटनही मूल शेजारी असताना जमते, त्याला एक कागद दिला की झाले. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी लिहिलेली आणि चितारलेली ‘राधाचं घर’सारखी पुस्तके समोर ठेवून पाने मोजून पाहा.

पण पक्की चित्रे रंगवणे मूल शेजारी असताना जमत नाही. जलरंग ओले असताना दीड वर्षाच्या बाळाचा हात पडला की संपले. आणि वाक्य जुळवतानाही डोके रिकामे लागते. “बाळ झोपलं की लिही” असा सल्ला देणाऱ्यांना बाळ झोपल्यावरच मोरीतली भांडी, कपड्यांच्या घड्या आणि उद्याच्या डब्याची तयारी होते, हे ठाऊक नसते. आठवड्यातून दोन-तीन तास कोणीतरी मुलांना पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे लागते. ‘लक्ष ठेवतो’ म्हणणे वेगळे. घेऊन बाहेर जाणे वेगळे. हे काम नवऱ्याचे आहे, असे मी स्पष्ट म्हणते. सासूबाई मदत करतात तेव्हा ती त्यांची मेहरबानी. आणि कागद न आवरता ठेवता येतील अशी एक जागा हवी, कपाटाचा वरचा खण असला तरी चालेल. रोज पसारा मांडायचा आणि दस्तरख्वान घालायच्या वेळी उचलायचा, यातच निम्मा वेळ जातो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या आपल्या लेकीसाठी उर्दूत असे पुस्तक करते आहे. दर रविवारी असरनंतर तिचा नवरा दोन्ही मुलांना नानीकडे नेतो आणि इशापर्यंत परत आणत नाही. गोष्टीतली मुलगी पळालेल्या कोंबडीच्या मागे मोहल्लाभर धावते. कच्ची वही दाखवायला ती शाळेत आली तेव्हा आमच्या लक्षात एक गंमत आली. आपण पाहिलेली मराठी-इंग्रजी पुस्तके डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून तिनेही मुलगी उजवीकडे धावताना काढली होती. उर्दू पुस्तकात पान उलट बाजूने उलटते. त्यामुळे कोंबडी आणि मुलगी दोघीही प्रत्येक पानावर गोष्टीच्या सुरुवातीकडे निघाल्या होत्या! काचेच्या खिडकीवर कागद उलटा धरून तिने सगळी रेखाटने पुन्हा गिरवली. आतापर्यंत अकरा जोडपाने पक्की रंगली आहेत. बारावे अडले आहे, कारण कोंबडी सापडू नये असे लेकीचे म्हणणे आहे.