बालसंगोपन योजनेचे मूल्यमापन

आईवडिलांजवळ राहणे काही काळ अशक्य झालेल्या बालकास संस्थेत न ठेवता दुसऱ्या कुटुंबात वाढविण्याच्या व्यवस्थेस प्रतिपालकत्व म्हणतात. दत्तकविधानाने मुलाचे कायदेशीर नाते बदलते. प्रतिपालकत्वाने ते बदलत नाही आणि मूळ घराची वाट खुली राहते. महाराष्ट्रात ही व्यवस्था १९७२ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने सुरू झाली व २००५ मध्ये सुधारित स्वरूपात ‘बालसंगोपन योजना’ या नावाने रूढ झाली. तिचे मूल्यमापन म्हणजे योजनेमुळे बालकाची स्थिती, ती नसती तर झाली असती त्यापेक्षा चांगली झाली की नाही, याची तपासणी होय. किती मुलांना अनुदान मिळाले, हा हिशेब आवश्यक असला, तरी तो मूल्यमापन नव्हे.

मुंबईत निराधार बालकांची शासकीय व्यवस्था दीर्घकाळ संस्थांवरच उभी होती. १९२४ चा मुंबई बालक कायदा, १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, डोंगरी व मानखुर्द येथील बालगृहे आणि दादरलगतची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही तिची प्रमुख अंगे. मात्र दादर, परळ, लालबाग येथील चाळींत पोरक्या मुलाला आत्या वा मावशी सांभाळी, किंवा कोकणातल्या आजीकडे त्याची रवानगी होई. या संगोपनाची नोंद कोणत्याही दप्तरात नसे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कुटुंबांचे उत्पन्न खुंटले व आणखी एक तोंड पोसण्याची त्यांची ताकदही ओसरली.

योजनेच्या मूल्यमापनातील पहिली अडचण नावातच आहे. तिचे बहुतांश लाभार्थी परक्या कुटुंबात नव्हे, तर विधवा वा परित्यक्ता आईजवळ किंवा नातेवाइकांकडे राहतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने प्रतिपालकत्व (कलम ४४) व प्रायोजकत्व (कलम ४५) यांत फरक केला आहे. आईजवळच राहणाऱ्या मुलास मिळणारे साहाय्य दुसऱ्या प्रकारात मोडते. लालबागमधील विधवेच्या बाबतीत प्रश्न असा, की मिळालेल्या पैशामुळे मूल घरात व शाळेत टिकले काय. परक्या घरी गेलेल्या मुलाच्या बाबतीत तो निराळा : ते तेथे रुजले काय, त्याला किती घरे बदलावी लागली, भावंडे एकत्र राहिली काय. दोहोंची सरासरी काढल्यास दोन्ही उत्तरे हरवतात.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा अभ्यास जुना आहे. सोफी व्हॅन सेंडन थीस यांनी न्यूयॉर्कमधील एका संस्थेने कुटुंबांत ठेवलेली ९१० मुले मोठेपणी कशी निघाली, याचा आढावा १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. रॉय पार्कर यांनी १९६६ मध्ये केंट परगण्यातील २०९ दीर्घकालीन प्रकरणे तपासली. जवळजवळ निम्मी पाच वर्षांच्या आत मोडली होती. प्रतिपालकांना त्याच वयाचे स्वतःचे मूल असल्यास व्यवस्था मोडण्याचा संभव वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही उपयोगी आहे. डेव्हिड फॅन्शल व यूजीन शिन यांनी न्यूयॉर्कमधील ६२४ मुलांचा पाच वर्षे मागोवा घेतला (१९७८). ज्यांचे आईवडील नियमित भेटीस येत, ती मुले घरी परतण्याचे प्रमाण अधिक आढळले. रुमानियातील बुखारेस्ट येथे संस्थांतील १३६ मुलांची यदृच्छ पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एका गटास कुटुंबांत ठेवण्यात आले. २००७ मधील निष्कर्षांनुसार या गटाचा बौद्धिक विकास सरस ठरला. विशेषतः दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा.

अशी यदृच्छ विभागणी नेहमीच्या शासकीय योजनेत शक्य नसते, म्हणून तुलना जपून करावी लागते. निरोगी, लहान व शांत मुलास कुटुंब लवकर मिळते. अपंग वा वाढत्या वयाचे मूल बालगृहात मागे राहते. पुढे या दोन गटांची तुलना केली, की योजनेस न मिळविलेले श्रेय मिळते.

बाहेरून आणलेले निकषही येथे जसेच्या तसे चालत नाहीत. मुलासाठी स्वतंत्र खोली ही अट घातली, तर नायगावच्या बीडीडी चाळीतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणारे प्रत्येक कुटुंब अपात्र ठरले असते. झोपायला निश्चित जागा, स्वतःच्या वस्तूंसाठी एखादी पेटी आणि घरच्या मुलांइतकेच ताट हे येथील अधिक खरे निकष होत. उलटपक्षी, एका खोलीत मुलाशी एकांतात बोलणे कठीण असते. प्रतिपालकांसमोर दिलेले ‘बरे आहे’ हे उत्तर जमेस धरू नये; शाळेत किंवा मैदानावर घेतलेली भेट अधिक सांगून जाते. चाळीच्या सज्जात काहीच लपत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची साक्षही मोलाची असते. ती मिळवावी मात्र अशी, की मुलावर ‘अनाथ’ असा शिक्का बसू नये. कायद्याने बाल कल्याण समितीवर दरमहा पाहणीची जबाबदारी टाकली आहे. त्या पाहणीच्या तक्त्यांत दर महिन्याला तेच शब्द आढळले, तर परीक्षकाने तक्त्यावरच शंका घ्यावी.

अनुदान पूर्वी मासिक ४२५ रुपये होते. ते पुढे १,१०० व २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले आणि योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. रकमेइतकेच तिच्या नियमितपणाला महत्त्व आहे. शाळेच्या आरंभी हवी असलेली रक्कम दिवाळीनंतर हाती आल्यास तिचा उपयोग कर्जफेडीपुरताच उरतो. म्हणून मंजुरीची नव्हे, खात्यात जमा झाल्याची तारीख तपासावी.

‘बंद प्रकरण’ हा शेराही उकलून पाहावा लागतो. आईकडे परतलेले, दत्तक गेलेले, अठरा वर्षे पूर्ण केलेले, पुन्हा बालगृहात आलेले व पळून गेलेले अशी सर्व मुले त्याच एका शेऱ्याखाली येऊ शकतात. यांतील पहिले योजनेचे यश व शेवटची दोन अपयशे होत. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालकांना, मूल दत्तकास कायद्याने मुक्त असल्यास, पूर्वीच्या पाचऐवजी दोन वर्षांनंतर ते दत्तक घेण्याची मुभा आहे. त्यामुळे मुलाला स्थैर्य लवकर लाभेल. पण दत्तकाची आस लागलेले कुटुंब जन्मदात्या आईच्या भेटींना उत्तेजन देईलच असे नाही. यापुढील पाहणीत या भेटींची स्वतंत्र नोंद घ्यावी लागेल.